लाल सात, निळी आठ

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मोठ्या बाई शेजारच्या रिकाम्या वर्गात गेल्या. टेबलावर त्यांनी राखाडी कापड अंथरले, त्यावर आठ निळी बटणे एका ओळीत मांडली आणि त्यांच्या खाली सात लाल. मग लाल ओळ बोटांनी सैल करत करत त्यांनी ती निळ्या ओळीच्या पुढे चार बोटे नेली. दार ओढून घेऊन त्या बाहेर आल्या. एकूण तीन मिनिटे लागली.

चार वर्षांच्या मुलाला अशा कापडापुढे उभे करून कुठली बटणे जास्त असे विचारले, तर ते बहुतेक वेळा लांब ओळीवर बोट ठेवते. त्या वयात लांब म्हणजेच जास्त. ओळ ताणली म्हणून बटणे वाढत नाहीत, हे कळायला आणखी दीड-दोन वर्षे जावी लागतात. शाळेत हे सर्वांत नीट कोणाला माहीत असेल तर मोठ्या बाईंना. एकवीस वर्षे त्या याच वयाच्या मुलांना जास्त, कमी आणि सारखे शिकवत आल्या होत्या. सोमवारी दोघी शिक्षिकांचे ठरले होते की दोन्ही वर्गांत बटणाबटणांमध्ये एकेक बोटाचेच अंतर ठेवायचे, म्हणजे आठाची ओळ आपोआप लांब दिसेल आणि मुलांना सोपे जाईल. ही सूचना मोठ्या बाईंचीच होती.

शेजारचा वर्ग धाकट्या बाईंचा. त्या मोठ्या बाईंच्या सख्ख्या भावाची बायको. मोठ्या आणि धाकट्या ही नावे मुलांनी ठेवलेली. वयात दोघींमध्ये नऊ वर्षांचे अंतर, पण उंचीने धाकट्या बाई वीतभर जास्त. त्यामुळे दर वर्षी सुरुवातीचे दोन आठवडे नवी मुले नावांची अदलाबदल करत आणि मोठ्या बाई ती दुरुस्त करत.

पुढच्या वर्षापासून शिशुवर्गाच्या दोन तुकड्यांची एकच होणार होती. मुले कमी झाली होती, एकेका वर्गात सोळाच उरली होती. एका वर्गाला एक शिक्षिका पुरे. दुसरीला वरच्या मजल्यावर पुस्तकांच्या खोलीत जायचे होते, कव्हरे घालायला आणि नंबर चिकटवायला. तिथे मुले फक्त शुक्रवारी येत, तीही मोठ्या वर्गांची. खाली कोण राहणार हे मुख्याध्यापिका ठरवणार होत्या. दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितले होते की बाहेरच्या तपासनीस बाई तुलनेची चाचणी घेतील आणि तिच्या निकालाला सर्वांत जास्त वजन मिळेल.

चाचणीबद्दल शाळेचा एक नियम होता. वर्गाच्या शिक्षिकेने स्वतःच्या वर्गाची मांडणी करायची नाही, ती शेजारणीने करायची. चाचणी चालू असताना शिक्षिकेने खोलीत थांबायचे नाही. अकरा वर्षांपूर्वी एक शिक्षिका रोज तीच मांडणी करून मुलांकडून 'खिडकीकडची' एवढेच उत्तर घोकून घेते, हे मोठ्या बाईंनी पकडले होते आणि हा नियम करायला लावला होता. कपाटाच्या दारावर तो त्यांच्याच अक्षरात चिकटवलेला आहे. मांडणी करणारीने मागाहून एक छापील कागदही भरून द्यायचा: बटणे किती, रंग कोणता, अंतर समान की असमान.

धाकट्या बाईंना शाळेत आणले ते मोठ्या बाईंनीच, सहा वर्षांपूर्वी. पहिले वर्षभर त्या नणंदेच्या वर्गात मागे, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसत आणि सगळे वहीत उतरवून घेत. आमची भावजय शिकतेय माझ्या हाताखाली, असे मोठ्या बाई तेव्हा सगळ्यांना सांगत.

मोठ्या बाईंची रीत ओळींची. नवरा शिंपी, त्याच्या दुकानातली उरलीसुरली बटणे आणि राखाडी अस्तराचे तुकडे हे त्यांचे साहित्य. एक ओळ मांडायची, तिच्याखाली दुसरी, एकासमोर एक, आणि मधून दोरा न्यायचा. ज्या ओळीतल्या शेवटच्याला जोडीदार नाही ती जास्त. मोजायचे नाही, हात लावायचा नाही, बघायचे. वर्ग चिडीचूप असे.

धाकट्या बाईंनी दुसऱ्याच वर्षी ओळी सोडल्या. त्यांच्या वर्गात पहिला महिनाभर जास्त आणि कमी हे शब्दच येत नसत. त्या दोन प्रश्न विचारत: पुरले का? उरले का? चौदा खुर्च्या, सोळा मुले, बसा. पुरल्या का? कोण उरलं? पेल्यांना झाकणे, पायांना मोजे, पेनांना टोपणे. मुले घरी जाऊन हाच उद्योग करत. एका मुलीने पाहुण्यांसमोर जाहीर केले की आजोबांना दात पुरले नाहीत. एका मुलाने वडिलांच्या डोक्याकडे निरखून बघत कंगव्याचे दात उरले असा निकाल दिला. हे किस्से पालक फाटकाशी उभे राहून एकमेकांना सांगत, आणि आपल्या वर्गाची रांग सोडायला मोठ्या बाई नेमक्या तिथेच उभ्या असत. त्यांच्या वर्गाचा किस्सा कोणी सांगत नसे. त्यांच्या वर्गातली मुले चुकत नसत, आणि न चुकण्याचा किस्सा होत नाही.

दोन वर्गांमध्ये भिंत नाही, लाकडी फळ्यांचे पार्टिशन आहे. पलीकडे खुर्च्या ओढल्याचा आणि खिदळण्याचा आवाज सुरू झाला की मोठ्या बाई फळ्यावर डस्टर आपटत. सुरुवातीला पलीकडून 'सॉरी बाई' असे ऐकू येई. पुढे तेही थांबले, कारण डस्टर रोजच वाजू लागला. तीन आठवड्यांपूर्वी एका आईने मुलाला मोठ्या बाईंच्या वर्गातून धाकट्या बाईंच्या वर्गात घालण्यासाठी अर्ज केला. वर्षाच्या मध्ये बदल होत नाही म्हणून अर्ज परत गेला. पण अर्ज आला होता, आणि तो मुख्याध्यापिकांनी मोठ्या बाईंना वाचायला दिला होता.

चाचणीच्या आधीच्या रविवारी मोठ्या बाई भावाकडे गेल्या. त्यांची आई तिथेच राहते, वय अठ्ठ्याहत्तर. आईने टेबलावर पाच वाट्या आणि सहा चमचे मांडून ठेवले होते.

"बस," आई म्हणाली. "सांग बघू, पुरले की उरले?"

आई थट्टा करतेय असे मोठ्या बाईंना वाटले. "आई, मी हेच शिकवते. एकवीस वर्षं झाली."

"तू शिकवतेस ते शाळेतलं. हे सूनबाईचं आहे. यात मजा असते."

भाऊ हसला. धाकट्या बाई ओशाळल्या आणि म्हणाल्या की मी ताईंकडूनच शिकलेय सगळं. ते मोठ्या बाईंना अधिक लागले. एकवीस वर्षांत आईने त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाची चौकशी केली नव्हती. सुनेच्या वर्गातली सोळाही मुले तिला तोंडपाठ होती, कोणाचे नाक वाहते आणि कोण डबा तसाच परत नेते यासकट.

मंगळवारच्या आधीचे एवढेच.

तपासनीस बाईंना त्या दिवशी तीन शाळा उरकायच्या होत्या. अकराला त्यांनी धाकट्या बाईंच्या वर्गापासून सुरुवात केली. मुले अंगणात, धाकट्या बाई त्यांच्याबरोबर, एकेक मूल आत. प्रश्न एकच आणि उत्तरादाखल कागदावर एक खूण. मांडणीबद्दल त्यांनी काही विचारले नाही. समान अंतर आणि असमान अंतर, दोन्ही त्यांच्या पुस्तकात बसत होते, आणि नोंद करण्याचे काम मांडणारीचे होते.

अकरा मुलांनी लाल ओळ दाखवली. पाच जणांनी निळी.

पाचातली शेवटची एक मुलगी होती. वर्गात तिला कारकून म्हणत, कारण ती कोणाला काहीही देताना आधी घेणाऱ्यांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवी. ती आत बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा मोठ्या बाई बटणे गोळा करण्यासाठी दाराशी येऊन थांबल्या होत्या.

"लाल पसरून बसलेत," ती त्यांना म्हणाली. "निळे चिकटून बसलेत. पण निळा एक उरतो."

"कसं कळलं तुला?"

"दोन बोटांनी एकेकाला भेटवलं. हात नाही लावला, वरच्यावर." मग तिने आवाज खाली आणला. "तुमच्या मुलांना नका सांगू."

मोठ्या बाईंनी तिला रांगेत जायला सांगितले आणि आत जाऊन बटणे डब्यात भरली.

त्यांच्या वर्गाची मांडणी धाकट्या बाईंनी केली होती, ठरल्याप्रमाणे, एकेक बोटाच्या अंतराने. सोळापैकी पंधरा जणांनी निळी ओळ दाखवली. सोळावा रडला, म्हणून त्याच्यापुढे रेघ मारली गेली.

दुपारी मुख्याध्यापिकांनी आकडे वाचून दाखवले. पंधरा आणि पाच. मोठ्या बाईंना त्या म्हणाल्या की आता ठरल्यातच जमा आहे, तरी मांडणीचे कागद शुक्रवारपर्यंत येऊ देत, म्हणजे फाइल पूर्ण होईल. धाकट्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी नणंदेचे अभिनंदन केले आणि डोळ्यांत काहीतरी गेले असे सांगून त्या बाहेर गेल्या.

घरी नवऱ्याने तोंडातली टाचणी न काढताच विचारले की जिंकलीस तर चेहरा असा माप चुकल्यासारखा का? दमलेय, असे त्या म्हणाल्या. इतक्यात भावाचा फोन आला. ती बोलत नाहीये, ताई, जरा ये.

धाकट्या बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. भाऊ चहाचा कप घेऊन समोर उभा होता, बशीसकट, आणि त्या कधी घेतील याची वाट बघत होता. मोठ्या बाई दारातच थांबल्या. शाळेतून रडकुंडीला येऊन घरी गेल्याचे असे दिवस त्यांच्याही वाट्याला आले होते. त्या दिवसांत बशी धरून कोणी उभे राहिले नव्हते. नवरा दुकानात असे आणि आई इथे, या पलंगावर.

"ताई, माझं कुठं चुकलं?" धाकट्या बाईंनी विचारले.

"मुलंच ती. एखादा दिवस असतो तसा."

"एखादा दिवस अकरा मुलांचा नसतो. तुमची पंधरा आली. मी नुसती खेळत बसले, ताई, तीन-चार वर्षं. वर्ग तुम्हीच घ्या. मी मॅडमना उद्याच तसं सांगते, म्हणजे तुमच्या-माझ्यात वाकडं काही राहायला नको."

मोठ्या बाईंना वर्ग हवा होता. हिने दिलेला नको होता.

"आकडे गेले खड्ड्यात," आई म्हणाली. हात तसाच फिरत होता. "मुलं हिलाच बिलगतात. ते कोण मोजणार?" मग लेकीकडे मान वळवून, "तू बोल की काहीतरी. मोठी ना तू?"

मोठ्या बाईंनी उद्याच काही सांगायची घाई करू नकोस, एवढे सांगितले आणि त्या निघाल्या. चहा तोवर गार झाला होता. भाऊ तो परत गरम करायला आत गेला.

बुधवारी साडेनऊला, प्रार्थना झाल्यावर, मोठ्या बाईंनी आपल्याच वर्गात कोपऱ्यात पडदा लावला आणि मागे तीच मांडणी केली: निळी आठ, लाल सात, लाल ओळ चार बोटे पुढे. एकेका मुलाला बोलावले. हजेरीच्या कागदामागे खुणा केल्या. तेरा लाल, तीन निळ्या. मधल्या सुट्टीनंतर त्यांनी पुन्हा घेतली. तीनच. त्यांतली दोन मुले सकाळचीच होती, एक नवे. आठ महिने त्यांनी या मुलांना एकासमोर एक शिकवले होते, पण एकासमोर एक मांडून द्यायच्या त्या स्वतः. मांडणी सैल झाली की कोणाला कोणासमोर आणायचे हे मुलांना उमगत नव्हते. ते करून बघायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती.

तेव्हा खरा हिशेब पाच आणि तीन असा होता. एका मांडणीवर, एका वयाची, तितकीच मुले. हा आकडा शाळेत एकट्या मोठ्या बाईंना माहीत होता. त्यांनी तो कागद दुमडून पर्समध्ये ठेवला, आणि दुपारी तो पुन्हा उघडून बघितला. दोनाचाच फरक. पण तो फरक कोणत्या बाजूला आहे हे त्यांना विसरता येईना.

गुरुवारी सकाळी धाकट्या बाई त्यांच्या दारात आल्या. "बाई, तुमचं कापड आणि बटणं द्याल? आजपासून ओळीच घेते म्हणते." मोठ्या बाईंनी दिले. जादा खुर्च्या व्हरांड्यात एकावर एक चढवलेल्या दिसल्या, मोज्यांची टोपली त्यांच्या वर.

त्या दिवशी पार्टिशनपलीकडून हसणे आले नाही. जे आले ते मोठ्या बाईंचेच बोलणे होते, दुसऱ्या आवाजात. एकासमोर एक. मोजायचं नाही, हात लावायचा नाही, बघायचं. शब्द तेच, मध्ये थांबण्याच्या जागाही त्याच, सहा वर्षांपूर्वी वहीत उतरवून घेतल्या असाव्यात तशा. एकदा कारकून मुलीचा आवाज आला, "मग उरलं कोण?" त्यावर उत्तर आले, "उरलं नाही म्हणायचं. जास्त म्हण."

मोठ्या बाईंनी चार वर्षे त्या शांततेसाठी डस्टर आपटला होता. ती मिळाली त्या दिवशी त्यांचे शिकवणे तीनदा मध्येच अडले, आणि तिसऱ्यांदा मुलांनीच त्यांना पुढचे वाक्य सांगितले.

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मांडणीचा कागद भरला. 'समान' हा छापील शब्द खोडला आणि शेजारी लिहिले: लाल ओळ चार बोटे लांब. ठरल्याविरुद्ध. मांडणी माझी. खाली सही केली. बुधवारच्या तीनाचा त्यात उल्लेख नाही. तसा रकाना छापलेला नाही आणि त्यांनी समासात काही लिहिले नाही. हे का केले, ते त्यांनी शाळेत कोणाला सांगितलेले नाही. नवऱ्याला त्या निघताना एवढेच म्हणाल्या, "तिला माझ्या ओळी घेऊ द्यायच्या नाहीत मला. माझं ते माझ्याकडेच राहू दे."

मुख्याध्यापिकांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाई, चुकून झालं असं लिहून द्या, मी तसं घेते, असे त्या म्हणाल्या.

"चुकून नाही झालं."

"मग कशानं झालं?"

मोठ्या बाईंनी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. मुख्याध्यापिकांनी निर्णय सांगितला. सोमवारी चाचणी पुन्हा होईल, दोन्ही वर्गांत, दोन्हीकडे लाल ओळ चार बोटे पुढे. तपासनीस बाई त्याच. मांडणीचा नियमही तोच, शेजारणीने करायची, कारण हा नियम एका माणसासाठी मोडला तर उद्या कोणीही मोडेल. कारवाईचे त्या नंतर बघणार होत्या. अकरा वाजता त्यांनी धाकट्या बाईंना बोलावून कागद दाखवला.

धाकट्या बाई बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यात मोठ्या बाई होत्या. धाकट्या बाई आपल्या वर्गात गेल्या, राखाडी कापडाची घडी आणि बटणांचा डबा घेऊन आल्या आणि दोन्ही नणंदेच्या हातात ठेवले. पाच मिनिटांनी पलीकडे खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू झाला, नेहमीपेक्षा मोठा. मोठ्या बाईंनी डस्टर उचलला आणि खडूच्या खोक्यात टाकला.

शनिवारी अर्धा दिवस शाळा. मोठ्या बाईंनी दार लावून घेतले आणि वर्गाला ताणलेल्या ओळी दिल्या. पहिल्यांदा सहा जणांना जमले. मग त्यांनी मुलांना दोन बोटे काढायला सांगितली. एक बोट लाल बटणावर, एक निळ्यावर, वरच्यावर, हात न लावता. "भेटवा एकेकाला," त्या म्हणाल्या. "आता पुढचा. आता त्याच्या पुढचा. कोणाला कोणी भेटलं नाही?" दुसऱ्यांदा नऊ जणांना जमले, तिसऱ्यांदा तेरा. शुक्रवारी सही करणाऱ्याही त्याच आणि शनिवारी दार लावणाऱ्याही त्याच. पार्टिशन दोन्ही बाजूंनी सारखेच पातळ आहे. पलीकडे काय ऐकू गेले हे त्यांना माहीत नाही. मात्र तिसऱ्या खेपेला पलीकडच्या खुर्च्या थांबल्या होत्या.

रविवारी संध्याकाळी भावाने फोन केला. आवाज चढलेला नव्हता.

"ताई, ती म्हणते एवढंच विचार. मंगळवारी तू घरी आलीस. ती तुझ्यासमोर रडत होती. तेव्हा का नाही बोललीस?"

"आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती."

"म्हणून?"

"म्हणून."

मग फोन आईने घेतला. जेवलीस का, असे तिने विचारले. मोठ्या बाई हो म्हणाल्या. आणखी काही येईल म्हणून त्या फोन कानाला लावून थांबल्या. पलीकडे आईने फोन कोणाला तरी परत दिला आणि तो बंद झाला.

सोमवारी पावणेदहाला धाकट्या बाई मांडणी करायला मोठ्या बाईंच्या वर्गात आल्या. नियमाप्रमाणे मोठ्या बाई बाहेर निघाल्या होत्या. मुख्याध्यापिका व्हरांड्यात, दोन्ही दारे दिसतील अशा जागी खुर्ची टाकून बसल्या होत्या. शाळेत धाकट्या बाई नणंदेला बाई म्हणत. सहा वर्षांत त्यात चूक झाली नव्हती.

"ताई, किती बोटं?"

"चार. सांगितलंय ना मॅडमनी."

"तुमची की माझी?"

धाकट्या बाईंनी टेबलाच्या कडेवर पंजा ठेवला. मोठ्या बाईंनी शेजारी ठेवला. धाकट्या बाईंची बोटे लांब पण सडपातळ. त्यांची चार मोठ्या बाईंच्या जेमतेम तीन-साडेतीन बोटांएवढी भरत होती. ओळ जितकी कमी ताणलेली तितकी मुलांची फसगत कमी, हे दोघींनाही सांगायची गरज नव्हती. हात शेजारी-शेजारी राहिले तेवढ्या वेळात व्हरांड्यात मुलांची रांग लागून झाली.

"माझी," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझ्या वर्गात माझीच होती."

"आणि शनिवारचं?"

मोठ्या बाईंनी हात काढून घेतला. "शनिवारचं तुला ऐकू आलंय."

"आलं." धाकट्या बाईंनी कापड झटकले. "ते माझ्या कारकून पोरीचं होतं, ताई."

त्यांनी दार लावले. मोठ्या बाई शेजारच्या वर्गात गेल्या आणि आपली मांडणी करून, मुख्याध्यापिकांना दाखवून बाहेर आल्या.

तपासनीस बाई साडेदहाला आल्या. या वेळी त्यांनी मोठ्या बाईंच्या वर्गापासून सुरुवात केली. अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत तिथली अकरा मुले आत जाऊन आली होती, पाच बाकी होती. आत काय दाखवले ते विचारायचे नाही असे दोघींना बजावलेले आहे. मोठ्या बाई अंगणाच्या एका टोकाला उभ्या आहेत, धाकट्या बाई दुसऱ्या टोकाला. बारावे मूल आत गेले आहे आणि अजून बाहेर आलेले नाही.